चोरीचा मोगरा

३ मे

माझ्या लेकाले, दिवाकरले, स्टील प्लांटमधून दर वर्षी डायरी मिळते अन् दर वर्षी ती कोरी राहते. या महिन्याच्या शेवटी तो रिटायर होऊन राहिला, म्हणजे ही शेवटची. म्हणून ठरवलं, मी सांगीन अन् मधुवंती लिहील. मधुवंती म्हणजे माझी सून. मले अक्षर येत नाही अन् तिले झोप येते. दुपारचं जेवण झालं, कूलर लागला, की तिचे डोळे मिटतात. नेमकी तेव्हाच मी तिले डायरी काढायले लावते.

"असंच लिहू का आई?" म्हणे. असंच लिही म्हटलं. लिहिलं तिनं. इमानदार आहे बिचारी. भाजीवाल्यानं एक लिंबू जास्तीचं दिलं तर उन्हातान्हात परत करायले जाते. अशा बाईच्या हातून आयुष्यात काय होणार?

आता बागेचं. सेक्टरमधलं हे प्लांटचं क्वार्टर मिळालं तेव्हा पुढं नुसता मुरूम होता. आज फाटकापासून खिडकीवरपर्यंत मधुमालती आहे, खिडकीखाली मोगरा, कुंपणाले जास्वंद, पायरीच्या दोन्ही अंगानं चिनी गुलाब. त्याले इथं सगळे 'ऑफिस टाइम' म्हणतात, कारण ते दहाले उघडते अन् जेवणानंतर बंद. यातलं एकही झाड मी विकत घेतलं नाही, एकही मागून आणलं नाही. विकतचं झाड भाव खाते, मागितलेलं झाड रुसते. चोरून आणलेलं झाडच जीव धरते. हे माझ्या मायनं मले सांगितलं, तिच्या मायनं तिले.

जास्वंद साहेब लोकांच्या बंगल्यातली. मे फुलाचा कांदा देवळामागचा. देवाले समजलं असेल, पण त्यानं काही तक्रार केली नाही. मोगरा एका तेलुगू बाईच्या अंगणातला. तोंडानं मी तिले सांबारात काय काय टाकतात ते विचारत होती, अन् हात आपलं काम करत होता. ते सांबार मले कधी जमलं नाही. मोगरा जमला.

५ मे

पंचेचाळीस डिग्री. रस्त्यावर कुत्रं नाही. अन् माझ्या बागेत बाजार भरला आहे.

मोगऱ्याचं उलटं असते, जितकं ऊन तितका तो माजते. मे फूल मातीतून मुठीसारखं वर आलं अन् दोन दिवसांत लाल चेंडू झालं. पान नाही, काही नाही, नुसता चेंडू. सरड्याचं डोकं लालेलाल झालं आहे. कुंपणावर बसून तो दंड-बैठका काढते, सरडी तिकडं पाहतही नाही. मधुमालतीत बुलबुलीनं घरटं केलं, खिडकीच्या एकदम वर. सातभाई नळाच्या डबक्यात आंघोळीले येतात अन् भांडून जातात, जसे लग्नातले पाहुणे. मागं विटांच्या ढिगात धामण आहे. आठ वर्षांपासून आहे. कोणाले काही करत नाही, उंदीर खाते अन् राहते. सुनेपेक्षा कमी बोलते.

(हेही लिहिलं तिनं.)

८ मे

आज दिवाकर म्हणे, "आई, जून लागला की आपण हुडको कॉलनीतल्या आपल्या घरी जाऊ. तुझी काही झाडं कुंड्यांत घेऊन ठेवू का?"

मी म्हटलं, "कशी नेशील?"

"कशी म्हणजे? काड्या लावू. तूच काढून दे."

"मी काढून दिली म्हणजे ती दिलेली झाली. दिलेली जगत नाही."

"मग तूच चोरून घे."

"आपल्याच बागेत आपणच चोरी कशी करायची रे भैताडा? स्वतःच्या ताटातला घास कोणी चोरते का?"

 मधुवंतीनं दिवाकरकडं पाहिलं, त्यानं तिच्याकडं. दोघंही मले म्हातारचळ लागला असं समजून राहिले असतील. समजू दे.

हुडकोचं घर मी पाडव्याले पाहून आली. खाली दोन खोल्या, वर गच्ची. गच्ची कसली, तवा आहे. माझी चप्पल चिकटली. तिथं मी दोरीवरचे कपडे पाहत बसीन अन् इथं दुसरी कोणी बाई येऊन माझा मोगरा कपडे वाळवायले वापरील. पण मले काही वाटत नाही, असं लिही.

मधुवंती थांबली. म्हणे, "आई, सकाळी तुम्ही मोगऱ्याजवळ बसून बोलून राहिल्या होत्या."

"शिव्या देऊन राहिली होती. लिही."

११ मे

क्वार्टर पाहायले लोक येऊन राहिले. इथली रीतच आहे, कोणी रिटायर होणार असं समजलं की अर्ज टाकायच्या आधी सगळे येऊन पाहून जातात. भिंत ठोकतात, नळ फिरवतात, संडासात डोकावतात. जित्या माणसाच्या घरात तेराव्याले आल्यासारखे.

आज एक देवेंद्रबाबू आले. पोट पुढं, बायको मागं. बागेत उभे राहून मोगऱ्याकडं बोट दाखवून म्हणे, "इधर सब साफ कराके गाड़ी का शेड डाल देंगे."

मी ओसरीवरून म्हटलं, "बहुत अच्छा बेटा. उनको भी छाया हो जाएगी."

"किनको, माताजी?"

"सापों को."

बाई फाटकाकडं दोन पावलं सरकली. बाबू हसले. "साप है क्या?"

"एक नहीं बेटा, जोडा है. पर एकदम शरीफ. गाडी का इंजन गरम रहता है ना, उसके नीचे सोना उनको भोत पसंद. पिछले साल पडोसी के स्कूटर में से आधा निकला था. आधा अंदरच रह गया."

धामण बिचारी मागं विटांत झोपली होती. तिच्या नावावर मी काय काय खपवलं, तिले माहीत नाही. देवेंद्रबाबू चहा न घेता गेले.

मधुवंती आतून म्हणे, "आई, तुम्ही खोटं कावून बोलता?"

"आधा साप खरा होता. सायकलच्या ट्यूबचा."

१४ मे

आपण एवढे हुशार असू असं मले वाटलं नव्हतं. सिविक सेंटरच्या बँकेत कोणीतरी दिवाकरले विचारलं म्हणे, "वो साँप वाला क्वार्टर आप ही का है क्या?" चार घरचे लोक येणार होते, कोणीच आलं नाही.

मी खूश. दिवाकर नाही.

"आई," म्हणे, "कोणी घेतलं नाही तर क्वार्टरले कुलूप लागेल. कुलूप लागलं की पाणी बंद. या उन्हात पाणी बंद म्हणजे काय, सांग."

मी बोटांवर मोजलं. मोगऱ्याले दोन वेळा पाणी लागते. चिनी गुलाब चार दिवस काढतील, जास्वंद दोन. मधुमालती पानं टाकील अन् बुलबुलीचं घरटं उघड्यावर येईल. कावळे काय पाहत बसतील का?

आता खरं लिहायचं तर हा विचार मी केलाच नव्हता. मी लोकांले घालवून बाग वाचवून राहिली होती, अन् लोक गेले तर बाग मरते. आता कोणीतरी आणावं लागेल. पण शेडवाला नाही. झाडाले हात लावण्याआधी इकडंतिकडं पाहते, अशी कोणी.

१५ मे

आज सुखराम साहू अन् त्याची बायको उन्नती आले. तो प्लांटमध्ये क्रेन चालवते, इथलेच छत्तीसगढी लोक, सुपेल्याच्या बाजारापुढं एका खोलीत राहतात. सापाचं ऐकूनही आले होते. उन्नतीनं विचारलं, "दाई, कते मेर रहिथे?" साप कुठं राहते म्हणे; आईले दाई म्हणतात हे लोक. मी विटा दाखवल्या. ती गेली, वाकून पाहिलं, म्हणे, "धामण आय." अन् परत आली.

आवडली मले. मग तिनं खाली बसून माझ्या मोगऱ्याजवळची माती मुठीत घेतली, चुरगाळली, वास घेतला अन् म्हणे, "इहाँ तो लाल भाजी बढ़िया होही."

भाजी! इतकी वर्षं या बागेत मी कोथिंबिरीची काडी लावू दिली नाही अन् ही मोगऱ्याच्या मांडीवर लाल भाजी, म्हणजे लाल माठ, बसवून राहिली! मी म्हटलं, पाहू. मोठा थैला होता तिच्याजवळ.

ते गेल्यावर पाणी द्यायले गेली तर मोगऱ्याची एक फांदी गायब.

कापलेली. ताजी. अजून ओली होती जागा.

मी तिथंच बसून हसत सुटली. अवं माय! तोंडानं भाजी, हातानं मोगरा! मधुवंती धावत आली, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, "मधुवंती, चोर सापडला! हिलेच क्वार्टर मिळालं पाहिजे."

मधुवंतीचा चेहरा पांढरा झाला होता. तिले घाबरायले काहीही पुरते.

१८ मे

चोर पुन्हा आला. मधुमालतीचा तुकडा, चिनी गुलाबाच्या चार-पाच काड्या अन् मोगऱ्याची अजून एक फांदी. मी दुपारी जरा लवंडली होती, तेवढ्यात. आजकाल मधुवंतीच मले लवंडायले लावते. "आई, ऊन आहे, झोपा थोडं, डायरी मग लिहू." जी बाई पेन हातात घेतल्याबरोबर घोरायची, तिची झोपच उडाली आहे. वयानं होते असं.

पण सुपेल्याहून इतक्या उन्हात ती उन्नती येते म्हणजे काय हिंमत आहे! अन् मधुवंती घरात असून तिले दिसत नाही.

२० मे

पुन्हा मोगरा. आता मले राग येऊन राहिला. चोरीचा नाही, अडाणीपणाचा. तीन-तीनदा मोगराच नेते याचा अर्थ काय? आधीचा मेला! कोवळी हिरवी काडी नेली होती, मी जागा पाहिली. कोवळी काडी या उन्हात टिकते का?

म्हणून आज हे चोरासाठी लिही मधुवंती. कधी सापडली तर वाचून दाखवू.

चोरा, मोगऱ्याची जुनी काडी घ्यावी, पेन्सिलीएवढी जाड, करड्या सालीची. डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटते त्या गाठीच्या, खालून तिरपी कापावी. फुलं-कळ्या सगळ्या खुडाव्या, जीव नाही लागला पाहिजे त्यात. माती कमी, रेती जास्त. वर ओलं पोतं. सावली पाहिजे पण अंधार नको.

मधुवंती फार हळू लिहून राहिली होती. म्हणे, "परत सांगा. पानं सगळी काढायची का?"

"वरची दोन ठेवायची. अर्धी कापून."

"पाणी किती वेळा?"

"पोतं वाळू द्यायचं नाही, बस. तुले काय करायचं आहे? तुझ्या हातचा निवडुंग वाळला होता."

"लिहायले पूर्ण पाहिजे ना आई," म्हणे. अन् रेतीचं ते दोनदा वाचून दाखवलं. इतकं मन लावून तिनं सत्यनारायणाची पोथीही ऐकली नाही कधी.

२२ मे

सापळा लावला. सकाळी मोगऱ्याच्या भोवती सगळी रांगोळी पसरली, बारीक, चाळून. मधुवंती दळण आणायले गेली होती तेव्हा. कोणाले सांगितलं नाही. दुपारी झोपल्यासारखं केलं अन् खरंच झोपली.

उठून पाहिलं तर मोगऱ्याची अजून एक काडी गेलेली, अन् खाली सगळी वस्तीच उमटलेली! सातभाईंच्या तीन-तीन बोटांची गर्दी. खारीचे ठिपके. मुंगसाची पावलं, पुढची लहान, मागची लांब. एक वळणदार रेघ, ती धामण. दुपारी कुठं निघाली होती बाई? सरड्याच्या शेपटीची ओढ. अन् मधोमध चपलेचे ठसे. टाच उजवीकडं झिजलेली, अंगठ्याजवळ फुलाची नक्षी.

म्हणजे मधुवंतीची चप्पल!

काय डोकं आहे त्या पोरीचं! आपली चप्पल बाहेर काढून, पायरीवरची मधुवंतीची घालून चोरी केली. ठसा उमटला तरी नाव सुनेचं. मी आजवर इतक्या चोऱ्या केल्या, मले हे सुचलं नाही.

मधुवंतीले म्हटलं, "आता चपला आत ठेवत जा."

"हो आई," म्हणे. अन् घाईघाईत चपला नेऊन देवघरात ठेवल्या. मी म्हटलं ना, काहीही पुरते.

२५ मे

बुलबुलीची पिल्लं निघाली. तीन. नुसत्या चोची आहेत, खाली थोडंसं पिल्लू. खिडकीतला कूलर चालला की वेल हलते, म्हणून मी कूलर बंद ठेवायले लावला. घरात सगळे उकडून निघाले.  दिवाकर ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसला.

त्याचं मात्र काहीतरी बिघडलं आहे. सुपेल्यातून हिरवी जाळी घेऊन आला, मोठा गठ्ठा. कशाले म्हटलं तर म्हणे, "कूलरले." कूलर बंद आहे! रोज पहाटे स्कूटरवर दोन बादल्या घेऊन हुडकोले जाते. म्हणे, चुना भिजवायचा आहे. इतका चुना? आल्यावर पँट गुडघ्यापर्यंत ओली अन् नखांत माती. रिटायर होणारी माणसं अशीच होतात, हाताले काम नाही म्हणून काहीही उकरतात. अन् झाडाचं म्हणाल तर त्याले मोगरा अन् पालक सारखाच.

३१ मे

दिवाकर रिटायर झाला. शाल, नारळ, घड्याळ. माणसं घरापर्यंत सोडायले आली, पेढे खाऊन गेली. मग तो बराच वेळ बागेच्या पायरीवर बसून होता, बूटही नाही काढले. डोळे लाल होते. मी म्हटलं, ऊन लागलं, कांदा लाव कपाळाले.

हारातला झेंडू मी सोडवून ठेवला. बी चांगलं आहे. हार दिवाकरचा, म्हणजे ही चोरी धरता येईल का, ते ठरवून राहिली.

३ जून

आज माती खाल्ली मी.

सुखराम अन् उन्नती पुन्हा आले होते. अर्ज टाकायचा की नाही, शेवटचं पाहायले. मी उन्नतीले जवळ बसवलं, साखर जास्त घालून चहा दिला अन् डोळा मारला. म्हटलं, "मोगऱ्याले पान फुटलं का?"

"का मोगरा, दाई?" कायचा मोगरा म्हणे.

"माझ्याशी कायची लाज! चारदा नेला. मी खूश आहे. चोरी तर चोरी, चप्पलसुद्धा दुसऱ्याची! वा!" हे सगळं हिंदीत म्हटलं, म्हणजे तिले नीट समजावं. नीट समजलं.

ती उठली. कप खाली ठेवला. "मैं काबर चोराहूँ दाई? मोला तो फूल नइ, भाजी लगाना हे. हमन गरीब हन, चोर नो हन." मी कावून चोरीन म्हणे, आम्ही गरीब आहो, चोर नाही. डोळ्यांत पाणी. सुखराम तिच्या मागं गेला. फाटक नीट लावून गेले, त्याचंच जास्त लागलं.

माझ्या घरी चोर म्हणणं म्हणजे मान आहे. जगात तसं नसते, हे मले आठवायले पाहिजे होतं.

आता क्वार्टर कोण घेईल? कुलूप लागेल. मधुवंती आत जाऊन रडली. मी म्हटलं, तू कावून रडून राहिली? चोर तुले थोडीच म्हटलं!

तर अजूनच रडली.

५ जून

ऑटो करून उन्नतीच्या खोलीवर गेली. मधुवंती सोबत. रस्ताभर ती म्हणत होती, "आई, माफी मागा, मी पण मागते." मी म्हटलं, तू कायची? तर रस्त्याकडं तोंड फिरवून बसली.

एक खोली, पत्र्याचं छप्पर. पायरीजवळ फुटक्या टबात लाल भाजी, इतकी दाट की टब दिसत नाही. अन् तेलाच्या डब्यात चेच भाजी, ही इकडची पालेभाजी. फूल एक नाही. मोगऱ्याचं पान नाही. म्हणजे खरंच हिनं नाही नेला.

उन्नती पाणी घेऊन आली, पण बसा म्हणाली नाही. माफी मागायची मले सवय नाही.  मधुवंतीनंच काहीतरी सांगायले सुरुवात केली. मग मी काय केलं, वाकून पदर सावरल्यासारखं केलं अन् चेच भाजीची दोन रोपं मुळासकट उपटून कमरेले खोचली.

उन्नतीनं पाहिलं. आधी ती पाहतच राहिली.

"चोरावत हस का दाई?" चोरून राहिली का म्हणे.

"नहीं तो. मैं तो बात कर रही." मुळांची माती लुगड्यावरून सांडून राहिली होती.

अशी हसली ती, की शेजारची बाई बाहेर आली. मग मी तिले सांगितलं सगळं, माय काय म्हणायची, तेलुगू बाई, सांबार. ती म्हणे, "त मोगरा ल कोन चोराइस?" कोणी चोरला मग?

मले काय माहीत. आता हे कोडं डोक्यात घेऊनच हुडकोले जायचं. मधुवंतीले तिथं धुळीनं खोकला लागला, बाहेर जाऊन उभी राहिली.

सौदा असा ठरला: मोगऱ्याले, मधुमालतीले अन् विटांच्या ढिगाले हात लावायचा नाही. बाकी सगळीकडं भाजी. "चिनी गुलाबाच्या जागी पण?" विचारते. मी म्हटलं, मले विचारून नको लावू, माझी पाठ असताना लाव.

सुखरामनं अर्ज टाकला. सापाच्या कृपेनं दुसरा कोणाचा नव्हताच.

९ जून

सामान गेलं. बुलबुलीची दोन पिल्लं उडाली. तिसरं वेलीवर बसून ओरडत होतं, आईबाप समोरच्या तारेवरून बोलावत होते. ते उडालं की निघू म्हटलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिला. दिवाकर गेला अन् त्याच्याशी भांडून आला, "पिल्लू उडेपर्यंत थांबायचं!" असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

उडालं. वाकडंतिकडं, जास्वंदीपर्यंत. पुरे झालं.

मी मागं पाहिलं नाही असं लिही. मधुवंती म्हणे, दोनदा पाहिलं. बरं, लिही.

काडी नेता येते. पाखरू नेता येत नाही, धामण तर नाहीच. अन् मी काडीही नेली नाही.

१२ जून

तीन दिवस दोघं मागं लागली, गच्चीवर चला, गच्चीवर चला. मी म्हटलं, तवा मी पाहिला आहे. आज दिवाकरनं सरळ हात धरला. गुडघे शिव्या देत देत वर गेली.

वर हिरवी जाळी ताणलेली. खाली रंगाचे डबे, फुटका कूलरचा टब, आमच्या जुन्या बादल्या. अन् त्यांत:

चिनी गुलाब, सगळे उघडलेले, कारण दहा वाजले होते. मधुमालती, चार पानांची, काठीले बांधलेली. जास्वंद. मे फुलाचा कांदा, एक हिरवं पान वर काढून. अन् ओल्या पोत्याखाली, रेतीच्या डब्यात, करड्या सालीची पेन्सिलीएवढी काडी. तिले दोन अर्धी कापलेली पानं, अन् त्यांच्या बगलेत नवीन हिरवं टोक. मी हात लावला नाही. पाहत राहिली.

माझंच. एक एक माझं. आपलं झाड माणूस ओळखत नाही का?

मधुवंती जिन्याजवळ उभी होती, रिझल्ट लागायच्या आधी पोरगी उभी राहते तशी. पायात तीच चप्पल, टाच उजवीकडं झिजलेली.

मी म्हटलं, "कोणाच्या बागेतून चोरलं वं?"

ती आधी घाबरली. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् म्हणे, "होती एक खडूस म्हातारी. तोंडानं डायरी सांगायची, तेव्हा मी हातानं लिहायची. बाकीच्या वेळी हात रिकामेच होते."

दिवाकर तिकडं तोंड करून बादली भरून राहिला होता. भरलेल्या बादलीत पाणी ओतत होता.

"मोगरे किती मारलेस?"

"तीन. चौथा तुम्ही सांगितल्यावर लागला."

मले पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, असं लिही.

मधुवंती म्हणे, "खरं लिहू, की तुम्ही सांगता ते?"

मी सांगते ते.

१३ जून

सकाळी चहा घेऊन गच्चीवर बसलो आम्ही. अजून सरडा नाही, सातभाई नाहीत. येतील. उन्नतीचा फोन होता. लाल भाजी उगवली, धामणीनं दर्शन दिलं, सुखराम टेबलावर चढला.

बाजूच्या गच्चीवर देवाजी मास्तर राहतात. त्यांच्या कठड्यावरून कृष्णकमळाचा वेल इकडं वाकून पाहते. निळंजांभळं, ताटलीएवढं फूल. आयुष्यात मले कृष्णकमळ मिळालं नाही. मास्तर भला माणूस दिसते. मागितलं तर लगेच काढून देईल. तीच तर भीती आहे.

मी मधुवंतीकडं पाहिलं. ती आधीच वेलाकडं पाहून राहिली होती. "जुनी काडी त्या कोपऱ्यात आहे," म्हणे, "पण मास्तर सकाळी तिथंच पेपर वाचतात."

तर असं ठरलं. उद्या मी कठड्याशी उभी राहून मास्तरले विचारीन की त्यांच्याकडं वरणाले फोडणी कशाची देतात. माझं काम तोंडाचं. हात मधुवंतीचा. माझा आता थरथरते, अन् तिचा सुधारला आहे. दिवाकर जिन्यात ओलं पोतं घेऊन.

सगळं लिहून झाल्यावर मले सुचलं, हे कोणाच्या हाती लागलं तर? म्हटलं, "मधुवंती, मास्तरचं सगळं खोडून टाक."

ती म्हणे, "खोडलं, आई."

मले वाचता येत नाही, अन् ती चोर आहे. खोडलं की नाही, देव जाणे.